अवतरणचिन्हांच्या आतला स्वल्पविराम : संपादक आणि मुद्रितशोधकांना खुले पत्र

मराठी प्रकाशनसंस्था, मासिके आणि दिवाळी अंक यांचे संपादक व मुद्रितशोधक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यात राहतो, शाळेतून मराठीचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो आहे आणि गेली बावीस वर्षे कथा लिहितो. हे पत्र ज्या गोष्टीबद्दल आहे ती छापल्यावर कागदावर तिळाएवढीही जागा व्यापत नाही. पण तिच्यापायी माझ्या एका कथेतली निलंग्याकडची म्हातारी अचानक बातम्या देणाऱ्या बाईसारखी बोलू लागली, म्हणून लिहिणे भाग पडले.

कथा एका दिवाळी अंकात आली होती. अंकाचे नाव सांगत नाही, कारण तक्रार एका अंकाची नाही. म्हातारी औसा स्टँडवर उभी आहे, हातात पिशवी आहे आणि ती कंडक्टरला विचारते. हस्तलिखितात वाक्य असे होते : “आरं लेकरा ही गाडी निलंग्याला जाती का रं बाबा” छापून आले ते असे : “अरे लेकरा, ही गाडी निलंग्याला जाते का रे, बाबा?”

एका ओळीत सहा दुरुस्त्या झाल्या. त्यांतल्या दोन मला बिनतक्रार मान्य आहेत. ‘लेकरा’नंतरचा स्वल्पविराम मीच द्यायला हवा होता, कारण तिथे म्हातारी खरोखर हाक मारते, आवाज वर नेते आणि कंडक्टर मान वळवीपर्यंत थांबते. प्रश्नचिन्हही असू द्यावे. वाक्यात ‘का’ आहे म्हणजे प्रश्न कळतोच, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांची सोय होते. उरलेल्या चार दुरुस्त्यांपैकी ‘आरं’, ‘जाती’ आणि ‘रं’ या तीन रूपांविषयी पुढे लिहितो. मला खटकला तो शेवटच्या ‘बाबा’च्या आधीचा स्वल्पविराम. तो ‘बाबा’ ही हाक नाही. कंडक्टर एव्हाना तिच्याकडे बघतो आहे, त्याला पुन्हा बोलावण्याचे कारण उरलेले नाही. ‘का रं बाबा’ हे तीन शब्द ती एका श्वासात, उतरत्या आवाजात म्हणते आणि ‘गर्दीच्या वेळी विचारते आहे, खेकसू नको’ एवढीच विनवणी त्या ‘बाबा’त असते. तिथे स्वल्पविराम आला की म्हातारी मध्येच थांबते, पुन्हा तोंड उघडते आणि कंडक्टरला नव्याने संबोधते. आमच्याकडे असे कोणी बोलत नाही, आणि पुण्यामुंबईतही बोलत असतील असे वाटत नाही.

‘संबोधनानंतर स्वल्पविराम द्यावा’ हा नियम मी स्वतः तीसेक वर्षे फळ्यावर लिहिला आहे. ‘आई, मला पाणी दे’ हे उदाहरण मुलांनी इतक्यांदा उतरवून घेतले की त्यातली आई आजही तहानलेल्या मुलाला पाणी देत असेल. उदाहरण बरोबर आहे आणि नियमही बरोबर आहे. मात्र तो वाक्याच्या तोंडाशी आलेल्या हाकेपुरता आहे. वाक्याच्या शेपटाला चिकटलेल्या ‘बाबा’, ‘माय’, ‘मामा’, ‘राजा’, ‘बाई’ यांचे काय करायचे ते पाठ्यपुस्तकात सांगितलेले नसते, आणि नियम जिथे गप्प बसतो तिथे आपण सवयीने स्वल्पविराम टाकून मोकळे होतो.

या सवयीने काय होते ते मी आमच्याच ओसरीवर पाहिले. माझ्या चुलतीने वाचायला उशिरा शिकून घेतले, साक्षरतेच्या वर्गात, पन्नाशी उलटल्यावर. ती ओळीखाली बोट धरून मोठ्याने वाचते आणि वर्गात शिकवल्याप्रमाणे प्रत्येक स्वल्पविरामाला इमानाने थांबते. माझ्या दुसऱ्या एका कथेत एक बाई घरात एकटीच आहे, वैरण संपली आहे आणि ती स्वतःशी म्हणते : “आता गं माय कसं करावं” छापताना त्याचे “आता गं, माय, कसं करावं?” झाले होते. चुलतीने वाचले, ‘गं’पाशी थांबली, ‘माय’पाशी थांबली, मग बोट तिथेच ठेवून माझ्याकडे बघितले आणि विचारले, “हिची माय हाय का घरात?”

घरात कोणीच नव्हते. ‘आता गं माय’ हा सबंध उद्गार आहे. त्यातली माय ही कोणाची आई नव्हे, जशी ‘अरे देवा’ म्हणणाऱ्याच्या पुढ्यात देव उभा नसतो. दोन स्वल्पविरामांनी माझ्या कथेत एक म्हातारी आई जन्माला घातली आणि पुढची दोन पाने चुलती तिची वाट बघत राहिली. सर्वसाधारण वाचक चुलतीसारखा बोट धरून वाचत नाही हे खरे. पण त्याचा मनातला आवाजही त्याच जागी अडखळतो, फक्त तो आपल्याला येऊन विचारत नाही. जाता जाता सांगतो, याच ‘माय’वर एका मुद्रितावर, म्हणजे छपाईआधी तपासायच्या प्रतीवर, समासात प्रश्न आला होता : ‘येथे आई मुलीशी बोलत आहे. माय = आई. चूक?’ चूक नव्हती. आमच्याकडे आई लेकीलाच काय, नातीलाही ‘ये माय, जेवून घे’ म्हणते. पण त्या मुद्रितशोधकाने खोडण्याऐवजी विचारले याचा मला आनंद झाला आणि मी त्याला सविस्तर उत्तर लिहिले.

मराठीत बोलताना थांबण्याचे आणि कललेल्या सुराचे बरेचसे काम छोटे शब्दच करतात. ‘की’, ‘ना’, ‘तर’, ‘बरं’, ‘रे’, ‘गं’, ‘हो’ ही मंडळी आधीच्या शब्दाच्या पाठीला पाठ लावून येतात आणि वाक्याचा सूर ठरवतात. ‘थांब की जरा’ यात आर्जव आहे. ‘थांब, की जरा’ असे छापले तर ‘की’ पुढच्या शब्दाला जोडला जातो आणि वाक्य अर्धवट सुटल्यासारखे वाटते. तसेच ‘म्हणे’चे. “त्याला म्हनं नोकरी लागली” या वाक्यात ‘म्हनं’ने बोलणाऱ्या बाईने बातमीची जबाबदारी अंगावरून झटकली आहे : ऐकले ते सांगते, खरेखोटे मला विचारू नका. “त्याला, म्हणे, नोकरी लागली” असे केले की आडपडदा जातो आणि उपरोध येतो. दोन्ही वाक्ये मराठीच आहेत; फक्त दुसरे वाक्य माझ्या पात्राचे नाही, ते वर्तमानपत्रातल्या खोचक स्फुटाचे आहे.

आमच्या बाजूचा ‘म्हून’ तर आणखी अडचणीत येतो. “उद्या येतो म्हून गेलाय त्यो” या वाक्यात ‘म्हून’ आधीचे बोलणे बांधून घेतो. प्रमाण मराठीतही ‘येतो म्हणून गेला’ आहेच, पण निलंगा-उदगीरकडे हा प्रयोग उठताबसता ऐकू येतो. पलीकडे बिदर आहे, १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बिदर आणि आम्ही एकाच हैदराबाद राज्यात होतो, आणि कानडीतही बोलणे आधी येते व ‘अंत’ हा शब्द मागून येऊन त्याला गाठ मारतो. ‘म्हून’ ही अशी गाठ असताना आत पुन्हा एकेरी अवतरणचिन्हे आणि स्वल्पविराम घालून “‘उद्या येतो,’ म्हणून गेला आहे तो” असे करणे म्हणजे पोत्याला सुतळीने तोंड शिवल्यावर वर कुलूप लावणे. अवतरणचिन्ह आधी बंद करायचे की स्वल्पविराम आधी, या वादात मला पडायचे नाही. ते प्रत्येक संस्थेने आपापले ठरवावे आणि पाळावे.

शब्दक्रमाविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. आडतीवरून परत आलेल्या नवऱ्याच्या भावाबद्दल बाई विचारते, “विकली का तूर समदी त्यानं” तिच्या मनातला घोर विक्रीचा आहे, म्हणून क्रियापद आधी येते. कोणी विकली आणि किती विकली ते मागून, आवाज खाली आणून, जोडले जाते. ‘त्याने सगळी तूर विकली का?’ ही दुरुस्ती व्याकरणाला धरून आहे, पण तिच्यातला घोर गेला आणि चौकशी उरली. एका संपादकांनी मधला मार्ग काढला आणि शब्दक्रम तसाच ठेवून “विकली का, तूर समदी त्यानं?” असे केले. हेतू चांगला होता. पण शेपटातले शब्द वेगळ्या दमात म्हटलेले नसतात, ते क्रियापदाच्याच दमात उताराला लागलेले असतात, त्यामुळे तिथला विराम डोळ्यांना सोयीचा आणि कानाला खोटा ठरतो.

आता थोडे मागे जातो, कारण ‘नियम आहे’ हे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे. आज आपण वापरतो ती विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी छपाईच्या वळणावरून मराठीत आली आणि त्यांचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात हात असलेले तेच कँडी. इंग्रजीत संबोधन स्वल्पविरामाने तोडावेच लागते, कारण तिथे नामाचे रूप बदलत नाही आणि ऐकणारा कोण, ज्याच्याविषयी बोलतात तो कोण, याचा घोटाळा होऊ शकतो. आपल्याकडे ‘लेकरू’चे ‘लेकरा’ झाले, ‘पोरी’च्या मागे ‘गं’ आला की संबोधन झाल्याचे शब्दच सांगतो. कँडीसाहेबांची चिन्हे आपण घेतली ते उत्तमच झाले, त्यांच्यावाचून आजचे गद्य वाचवणार नाही; पण चिन्हाबरोबर त्याची इंग्रजीतली गरजही उचलून आणण्याचे कारण नव्हते.

त्याआधी मराठी संवाद लिहीतच नव्हती असेही नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपूरला सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथात, पैठणच्या आणि गोदाकाठच्या माणसांची बोलणी पानोपानी आहेत. त्या काळच्या लेखनात ना स्वल्पविराम होता ना अवतरणचिन्ह. ‘सर्वज्ञें म्हणितलें’, म्हणजे चक्रधरस्वामी म्हणाले, एवढे दोन शब्द आले की कोण बोलते आहे ते कळते आणि आखूड वाक्यांमुळे कुठे थांबायचे तेही कळते. आज पुन्हा तसे छापावे असे मी मुळीच म्हणत नाही. चिन्हे नव्हती तेव्हाही बोलणे पानावर उतरत होते आणि ते वाक्याच्या घडणीतून उतरत होते, एवढेच दाखवायचे आहे. ती घडण बदलून वर चिन्हे लावली तर बोलणे उतरत नाही.

आणि आपण ज्यांचा हवाला देतो ते नियम काय म्हणतात? मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम १९६२मध्ये चौदा होते, १९७२मध्ये चारांची भर पडून अठरा झाले. अनुस्वार, ऱ्हस्वदीर्घ, सामान्यरूपे यांविषयीच ते प्रामुख्याने आहेत. स्वल्पविराम कुठे द्यावा याचा नियम त्या अठरांत नाही. उलट पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा असेल तेव्हा ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ अशी उच्चाराप्रमाणे रूपे लिहिण्याची मुभा त्याच नियमांनी दिली आहे. म्हणजे ‘आरं’चे ‘अरे’ आणि ‘जाती’चे ‘जाते’ करताना नियमाचा आधार नव्हता, हाताला लागलेले वळण होते. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी १९७१ साली आली आणि तिचे सबंध निवेदनच एका शिंप्याच्या बायकोच्या, आमच्याकडच्या बोलीत आहे. तेव्हाच्या संपादकांना आणि जुळाऱ्यांना ते जमले, खिळे एकेक उचलून जुळवायचे होते तरी जमले.

बोलीचे रूप बदलल्याने केवळ रंग उतरतो असे कोणी समजू नये, कधी कधी गोष्टच बदलते. लातूरकडे ‘काय करूलालाव?’ म्हणजे ‘काय करत आहात?’ हे एका मुद्रितात ‘काय करू लागलात?’ झाले होते. माणूस नुसता बाजेवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होता. दुरुस्तीनंतर तो काहीतरी आक्षेपार्ह करू लागला आहे असा वाचकाचा समज झाला असणार.

आता आम्हा लिहिणाऱ्यांचेही माप पदरात घेतले पाहिजे. आम्ही चिन्हे द्यायला आळशी आहोत. बोली म्हटली की विरामचिन्हे नकोतच, असा एक ग्रामीण बाणा आमच्यात आहे, आणि दुसऱ्या टोकाला प्रत्येक वाक्याच्या मागे तीन टिंबे सोडून भावना पुरवण्याची खोड आहे. एका पानावर ‘आलाव’ आणि पुढच्या पानावर त्याच माणसाच्या तोंडी ‘आलात’ आम्हीच लिहितो. परभणीकडचे ‘मह्या’ लातूरच्या तोंडी घालून मोकळे होतो. शिकलेल्या, तहसिलात काम करणाऱ्या पात्राचाही प्रत्येक ‘ण’ मोडून ‘न’ करतो, जणू खेड्यात जन्मलेल्याला ‘ण’ बोलताच येत नाही. असे हस्तलिखित हातात आले तर मुद्रितशोधकाने काय ठरवावे?

माझीच एक चूक सांगतो. एका कथेत नवराबायको दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसले आहेत. तो विचारतो, “बसायचं का अजून?” ती म्हणते, “नगं जाऊ” मला म्हणायचे होते की आता नको थांबायला, निघू या. दिवाळी अंकाचीच धावपळ होती, गणपती उठून नवरात्र तोंडावर आले होते, आणि संध्याकाळी एका अनोळखी नंबरावरून फोन आला. मुद्रितशोधक होते. त्यांनी विचारले, “बाई थांबते आहे का निघते आहे?” मी वाक्य पुन्हा वाचले आणि गप्प झालो. ‘नगं जाऊ’ म्हणजे जाऊ नकोस. ‘नगं, जाऊ’ म्हणजे नको, निघू. स्वल्पविराम नसता तर माझी बाई नवऱ्याला धरून बसली असती आणि पुढच्याच परिच्छेदात दोघे रिक्षात कसे, हे कोणाला कळले नसते. त्या एका चिन्हाबद्दल मी त्या गृहस्थांचा ऋणी आहे. त्यांनी ते चिन्ह फोन न करता टाकले असते तरी यावेळी बरोबरच आले असते, आणि न टाकता सोडले असते तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. पण पानामागे मोबदला मिळणाऱ्या, दिवसाला ढीगभर मुद्रिते उपसणाऱ्या माणसाने दोन मिनिटे काढून विचारले.

माझे मागणे त्या फोनएवढेच आहे. अवतरणचिन्हांच्या बाहेर माझे निवेदन हवे तसे तपासावे, तिथे माझे ऱ्हस्वदीर्घ चुकतात हे मला ठाऊक आहे. आतले मात्र एकदा मोठ्याने, निदान ओठांतल्या ओठांत म्हणून पाहावे, आणि विराम कानाला ऐकू आला किंवा त्याच्यावाचून अर्थ फिरत असला तरच चिन्ह द्यावे. शंका आली तर समासात प्रश्न लिहावा, दुरुस्ती करून मुद्रित पुढे ढकलू नये. प्रत्येक हस्तलिखितासाठी त्यातल्या बोलीरूपांचे एक पान करून ठेवावे, म्हणजे ‘आलाव’ हे रूप एकदा ठरले की शेवटपर्यंत तेच राहील आणि लेखकाची गफलतही त्यात सापडेल. आणि संवाद अधिक असलेल्या कथेचे दुसरे मुद्रित छपाईला जाण्यापूर्वी लेखकाला दाखवावे. पूर्वी टपालाने लातूरला मुद्रित येऊन परत जायला आठवडा लागत होता, तेव्हा न दाखवण्याला कारण होते; आता मोबाइलवर पीडीएफ एका मिनिटात येते.

माझ्याकडून मी यंदापासून हस्तलिखिताला एक जास्तीचे पान जोडतो आहे. त्यावर कथेत आलेली रूपे आहेत, कोणता ‘माय’ हाकेचा आणि कोणता उद्गाराचा ते आहे, आणि ज्या वाक्यांत मी मुद्दाम स्वल्पविराम दिलेला नाही त्यांचे पृष्ठक्रमांक आहेत. खाली फोन नंबर लिहिला आहे. दुपारी मी शेतात असतो आणि तिथे आवाज तुटक येतो. संध्याकाळी सातनंतर केव्हाही फोन करावा.

आपला,
औसा तालुक्यातील एक कथालेखक